चौघांचं टेबल, पाच माणसं

मावशीच्या घराला दोनच खोल्या. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागच्या खोलीत संसार. शाळेचे गणवेश, पडद्यांच्या किनारी, सुटलेल्या पोटांसाठी पॅन्ट सैल करून देणं आणि बारीक झालेल्यांसाठी घट्ट करून देणं, असली तिची कामं. यातलं शेवटचं काम क्वचितच येतं, असं ती हसून सांगायची. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणायची, तिच्याहून दुप्पट वयाची माणसंसुद्धा. कारण गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मागच्या खोलीतून "मावशी, ह्यानं मला ढकललं" आणि "मावशी, आधी हिनंच ढकललं" हा गजर चालू असायचाच.

ती दोन्ही मुलं तिच्या थोरल्या बहिणीची. मुलगी सात वर्षांची. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून तिला सगळे मैना म्हणायचे. मुलगा तिच्याहून बराच लहान, गालांनी गोल, पोटानं गोल. त्याचं नाव पडलं ढब्बू. ढब्बू रांगायलाही लागला नव्हता तेव्हा बहीण तापाचं निमित्त होऊन गेली. तिचा नवरा, म्हणजे मावशीचे भावोजी, समुद्रकाठच्या गावात पर्यटकांना फिरवणाऱ्या लाँचवर इंजिन सांभाळायचे. महिनाभर त्यांनी एकट्यानं मुलं सांभाळून पाहिली, मग एक दिवस दोन्ही मुलांना घेऊन मावशीच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "थोडे दिवस ठेव," ते म्हणाले, "मी जरा सावरतो."

त्या थोड्या दिवसांची तीन वर्षं झाली. भावोजी आधी येऊन जायचे, मग नुसते फोनवर बोलायचे, मग वाढदिवसालाच. मधल्या काळात मावशीला एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. मुलांचं काय करणार, एवढंच त्यानं विचारलं. काय करणार म्हणजे, जेवायला घालणार, असं तिनं उत्तर दिलं आणि तो विषय तिथेच संपला. मुलं तिची झाली होती. ढब्बूच्या पोटाला काय सोसतं, मैना खोटं बोलताना कुठला कान चोळते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

आणि मग सुट्टीच्या तोंडावर भावोजींचा फोन आला.

"मी लग्न केलंय," ते म्हणाले. "इथेच एका लॉजवर काम करते ती. मोठी जागा घेतलीय आम्ही भाड्यानं. रविवारी मुलांना घेऊन ये ना. बाहेरच जेवू सगळे, मुलांना मजा वाटेल. मग बघू."

मावशीनं फोन ठेवला आणि त्या दिवशी दोन गणवेशांना उलट्या बाह्या जोडल्या. लग्न केलं ते बरंच केलं, माणसानं किती दिवस एकटं राहायचं. पण ते 'मग बघू' तिच्या डोक्यातून जाईना. मग काय बघू? कोण बघणार? ज्यांचे ब्लाउज ती वर्षानुवर्षं शिवत होती त्या वकीलबाईंना तिनं माप घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारलं. वकीलबाई हात वर करून उभ्या होत्या, तशाच म्हणाल्या, "मुलं तुझ्याकडे राहिली, ते खरं. पण बाप जिवंत आहे आणि धडधाकट आहे. मागितली तर तू नाही कशाच्या जोरावर म्हणणार?"

रविवारी सकाळी तिनं मुलांना नवे कपडे घातले. पिशवी भरताना एकेकाचे दोन जास्तीचे जोड आत टाकले, मग बाहेर काढले. जोड असले तर ठेवून जा म्हणतील, असं तिच्या मनात आलं होतं. नंतर त्याची तिला किती चुटपुट लागली ते पुढे येईलच.

बसमध्ये मैनानं अख्ख्या प्रवासाचं समालोचन केलं. ढब्बू मांडीवर झोपला. "आपण कुणाला भेटायला चाललोय?" मैनानं विचारलं.

"तुझ्या बाबांना."

मैना चक्क गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांना मी आठवते का?"

"न आठवायला काय झालं!" मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सुट्टीचे दिवस, त्यात रविवार. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुकानांच्या छतांना हवा भरलेले मासे आणि बदकं टांगलेली, त्यांच्याखालून ओल्या केसांची, वाळूनं माखलेल्या पायांची माणसं वाहत होती. एका हातात ढब्बू, दुसऱ्या हातात मैना, खांद्याला पिशवी, अशी मावशी त्या गर्दीतून वाट काढत भावोजींनी सांगितलेल्या हॉटेलपाशी पोचली. दारात भावोजी उभे होते. कडक इस्त्रीचा निळा शर्ट, चापून बसवलेले केस. शेजारी त्यांची नवी बायको. तिनं पुढे होऊन पिशवी घ्यायला हात केला, मावशीनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिला काय म्हणून हाक मारायची हेच मावशीला कळत नव्हतं. बहिणीच्या जागी आलेली म्हणून ताई म्हणावं, तर जीभ रेटेना.

भावोजी मुलांसमोर उकिडवे बसले. मैनानं त्यांना नीट न्याहाळलं. "फोटोत तुम्ही जाड होता," ती म्हणाली.

ढब्बू मावशीच्या पायामागे गेला आणि तिथून खणखणीत आवाजात विचारता झाला, "मावशी, हे काका कोण?"

भावोजी हसले, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. मावशीला त्या क्षणी वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा वाईट वाटलं.

आत टेबल रिकामं नव्हतं. भिंतीला टेकून, वेटरांच्या ताटांखालून वाकत, दुसऱ्यांच्या घासांकडे बघत सगळे ताटकळले. भुकेल्या मुलांना घेऊन उभं राहणं म्हणजे उकळत्या दुधापाशी उभं राहणं. मैनानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारून टाकलं, "तुमचं अजून किती उरलंय?" त्या बाई ओशाळून भराभर खायला लागल्या. शेवटी एक टेबल मिळालं ते चौघांचं. माणसं पाच. वेटरनं कोपऱ्यातून एक स्टूल ओढून आणलं, ते डगमगत होतं, म्हणून ढब्बू मावशीच्या मांडीवर आणि पिशवी स्टुलावर अशी मांडणी झाली.

भावोजींनी मेनू कार्ड उघडलं आणि कुणाला न विचारता भराभर सांगत सुटले. अख्खा भाजलेला मासा, सूप, नूडल्स, बटाट्याच्या चकत्या, थंड सरबत सगळ्यांना. मधेच थांबून मुलांकडे बघायचे आणि आणखी काहीतरी सांगायचे. मावशीला ते दिसलं, तरी ती मनातल्या मनात म्हणाली, हा दिखावा आहे. बघा, बाप काय काय खाऊ घालतो, असा.

सरबत आधी आलं. ढब्बूनं ग्लास दोन्ही हातांत धरला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"आणखी?" भावोजींनी विचारलं.

"त्याला एवढं थंड..." मावशीनं तोंड उघडलं.

"अगं, एक दिवस पिऊ दे की."

ती गप्प बसली. तिनं ठरवूनच टाकलं होतं की आज एकही वावगा शब्द काढायचा नाही. ही बाई मुलांना बापापासून तोडते असं म्हणायला कुणाला जागा द्यायची नाही. म्हणून जे बोलायला हवं होतं तेही ती बोलली नाही. ढब्बूनं दुसरा ग्लास संपवला.

मासा आला तो डोक्यासकट. ढब्बूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा खालचा ओठ बाहेर आला. "तो माझ्याकडे बघतोय." भावोजींनी घाईघाईनं माशाच्या डोळ्यावर बटाट्याची चकती ठेवली. "बघ, झोपला." मैना खुदकन हसली. नवी बायकोही हसली, आणि त्या हसण्यात जरा धीर येऊन असेल, मैनाकडे वळून म्हणाली, "तुला शाळा आवडते? आमच्या घराच्या मागेच एक छान शाळा आहे. मैदान मोठं आहे."

मावशीच्या हातातला चमचा तिथेच थांबला.

"जेवण होऊ दे," भावोजी बायकोला हळूच म्हणाले. "मग बोलू."

मग बोलू. मग बघू. समोरच्या नूडल्स तिला दोरीच्या गुंड्यासारख्या दिसायला लागल्या. आजूबाजूला काटे-चमचे वाजत होते, कुणाचं तरी बाळ किंचाळत होतं, काचेपलीकडे ऊन मी म्हणत होतं, आणि मावशीला एकच ऐकू येत होतं, मोठं मैदान आहे, मोठं मैदान आहे.

इतक्यात ढब्बू मांडीवर वळवळायला लागला. "मला जायचंय."

मावशी उठणार तोच भावोजी उभे राहिले. "मी नेतो ना. चल रे पैलवान." त्यांनी हात पुढे केला. ढब्बूनं मावशीकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, आणि पोटाची निकड जास्त असेल म्हणून तो हात धरला. मावशी अर्धवट उठलीच होती. नव्या बायकोनं तिच्या मनगटावर हात ठेवला. "राहू द्या ना. जाऊ दे दोघांना."

ती बसली. मण्यांचा पडदा हलला आणि निळा शर्ट त्याच्याआड गेला.

मैना माशाला काटे किती असतात यावर बोलत होती. नवी बायको हो ला हो करत होती. मावशीची नजर पडद्यावर. एक म्हातारे गृहस्थ आत गेले, कॉलर सारखी करत बाहेर आले. एक बाई मुलीला घेऊन गेली, आली. नूडल्सवर तेलाची साय धरली. सूप निवलं.

"बराच वेळ झाला," मावशी म्हणाली.

"येतील हो. लहान मुलांचं माहीतच आहे तुम्हाला."

हिला काय माहीत आहे लहान मुलांचं, मावशीच्या मनात आलं. ती उठली, पडदा बाजूला करून आत गेली. अरुंद बोळ, एक बेसिन, दोन दारं. दोन्ही उघडी. दोन्हीकडे कुणी नाही. तिनं तरी हाक मारली, "ढब्बू!" बेसिनपाशी मोबाइल बघत उभा असलेला तरुण म्हणाला, "आत कुणी नाही हो."

बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर होतं. तिथून भांडी घेऊन येणाऱ्या वेटरला तिनं अडवलं. "निळा शर्ट. बरोबर लहान मुलगा. गोल चेहऱ्याचा."

"ते? मागच्या दारानं गेले की मघाशी. पोराला उचलून, घाईघाईत."

मावशी धावतच टेबलापाशी आली. "फोन लावा त्यांना," ती नव्या बायकोला म्हणाली.

"काय झालं?"

"फोन लावा!"

नव्या बायकोनं गडबडून नंबर लावला. मेनू कार्डाखालून रिंग वाजली. भावोजींचा फोन तिथेच होता, टेबलावर, उजळत आणि थरथरत.

त्या क्षणी मावशीच्या डोक्यात सगळं एका ओळीत लागलं. बाहेर जेवायला बोलावणं. मोठी जागा, मोठं मैदान. मनगटावर ठेवलेला हात. मागचं दार. शोधता येऊ नये म्हणून मागे ठेवलेला फोन. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कुठे नेलं माझ्या पोराला?" ती ओरडली. "दोघांनी मिळून ठरवलंत ना? मला बोलण्यात गुंतवायचं आणि त्यानं पळवून न्यायचं! म्हणून हात धरलात माझा! लाज नाही वाटत? दुसरीच्या मुलांवर डोळा ठेवून लग्न केलंत?"

सगळं हॉटेल शांत झालं. घास हातात धरलेली माणसं वळून बघायला लागली. नवी बायको पांढरीफटक पडली. मावशी तिच्या उत्तराची वाट बघायला थांबली नाही. ती पळाली.

बोळातून, स्वयंपाकघरातून, ओल्या फरशीवरून घसरत मागच्या दारातून ती गल्लीत आली. एक चप्पल कुठेतरी सुटून राहिली. गल्ली एका बाजूला बाजाराकडे जात होती, दुसऱ्या बाजूला धक्क्याकडे. धक्क्यावरून भोंगा ऐकू आला आणि ती विचार न करता तिकडे धावली. लाँच! त्यांची लाँच! लाँचवर चढले तर पलीकडच्या काठाला उतरून कुठेही जातील.

धक्क्यावर रांग संपत आली होती. फळीवरून शेवटची माणसं चढत होती, आणि त्यांत एक निळा शर्ट, खांद्यावर मान टाकलेलं मूल. "थांबवा!" मावशी किंचाळली. "थांबवा ती बोट! माझं मूल आहे!" लोकांना कोपरांनी ढकलत ती फळीपर्यंत पोचली आणि तिनं त्या माणसाचा शर्ट मागून घट्ट पकडला.

तो वळला. वेगळाच माणूस. त्याच्या खांद्यावर झोपलेली एक मुलगी होती, तिनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. "अहो बाई, काय हे!" तो माणूस म्हणाला. मावशीनं हात सोडला. तिकीटवाल्यानं तिला दंडाला धरून मागे घेतलं, फळी ओढली गेली, आणि लाँच पाणी घुसळत निघून गेली.

ती तिथेच उभी. उन्हानं तापलेला दगड अनवाण्या पायाला भाजत होता हेही तिला कळलं नाही. पोलिसांकडे जायचं तर काय सांगणार? बाप मुलाला घेऊन गेला? हसतील. आणि तेवढ्यात तिला आठवलं की तिला दोन मुलं आहेत.

मैना! मैनाला ती त्याच बाईपाशी टाकून आली होती.

ती उलट्या पावली धावली. धक्का आणि गल्ली यांच्यामध्ये एक पत्र्याची शेड होती, मासे उतरवून घ्यायची. दुपारची ती सामसूम होती. तिच्यासमोरून जाताना मावशीला आतून आवाज आला.

"थंड आहे! नको! खूप थंड आहे!"

तो आवाज तिनं हजारांतून ओळखला असता.

शेडच्या मागच्या बाजूला सिमेंटचा ओटा आणि नळ होता. ओट्यावर ढब्बू उभा होता, अंगात बापाचा निळा शर्ट, तो पार घोट्यापर्यंत. नळाखाली भावोजी बनियनवर, गुडघ्यांवर बसून, ढब्बूची चड्डी खसाखसा चोळत होते. त्यांची चांगली पॅन्ट मांडीपर्यंत भिजली होती आणि नुकतंच बोट कापल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"मावशी!" ढब्बूनं तिला पाहिलं आणि लगेच तोंड पाडलं. "माझ्या पोटात दुखलं. मी घाण केली. हे काका रागावले नाहीत."

मावशी ओट्याला टेकून खाली बसली.

"आतल्या नळाला पाणी येत नव्हतं," भावोजी मान वर न करता म्हणाले. "दारापर्यंत पोचेस्तोवरच झालं त्याला. एवढ्या माणसांत रडायला लागला. म्हटलं, आम्ही लाँचवाले वापरतो तो नळ जवळच आहे. दोन मिनिटांत आटपेल असं वाटलं. जमेना मला."

"सांगून नाही जायचं?" मावशीनं विचारलं.

"त्यानं सांगू नको म्हणून शपथ घातली. 'मावशीला सांगू नका, नवे कपडे आहेत.' मी म्हटलं, नाही सांगत." आणि मग त्यांनी मान वर केली. तिचा एक पाय अनवाणी, केस सुटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत असलेली. ते बघत राहिले. हातातली चड्डी तशीच. "तुला काय वाटलं?"

मावशीनं सुटलेले केस मागे घेतले.

"मी याला पळवला?" त्यांनी विचारलं. "असा वाटतो मी तुला?"

"तीन वर्षांत तुम्ही कसे आहात ते मला कळायला काय ठेवलंत तुम्ही?" मावशी म्हणाली. "फोनवरचा आवाज तेवढा ठेवलात. त्यावरून माणूस कसा ओळखायचा?"

भावोजींनी नळ बंद केला. ओल्या चड्डीतून पाणी ठिबकत होतं. ती पिळत ते म्हणाले, "याचा चेहरा तिच्यासारखा आहे. तेव्हा बघवायचं नाही मला. म्हणून येत नव्हतो. आता म्हटलं, बघू." ते ओशाळून थांबले. "आज न्यायचं नव्हतंच गं. सुट्टीत चार दिवस पाठवशील का, एवढंच विचारायचं होतं. तेही धीर होईना म्हणून तो अख्खा मासा मागवला."

मावशीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दोन्ही तिनं ओढणीत पुसलं. पिशवीत कपड्यांचा एकही जोड नव्हता, तो आपण कशासाठी काढून ठेवला हे तिला आठवलं, आणि तिनं ढब्बूला त्या निळ्या शर्टासकट उचलून घेतलं. "चला. मैना तिकडे एकटी आहे."

हॉटेलात परत शिरताना माणसं पुन्हा वळून बघायला लागली. त्यांच्या टेबलापाशी कुणी दिसेना. मग तिला टेबलाखाली चांगल्या साडीचा काठ दिसला.

मैना टेबलाच्या पायाला मिठी मारून खाली बसली होती. तिच्यासमोर, त्या चिकट फरशीवर, सांडलेल्या सुपात, मांडी घालून नवी बायको बसली होती. तिनं मैनाला हात लावला नव्हता. नुसती बसली होती, वेटर वरून ओलांडून जात होते तरी.

"बाहेर ये, राणी," मावशी वाकून म्हणाली. "आले बघ मी."

मैना आली नाही. दिवसभर बोलणारी ती पोर एकच वाक्य बोलली. "तू त्याला शोधायला मला सोडून गेलीस."

मावशीही खाली बसली, टेबलाखाली शिरली, आणि मैनानं अंग सैल सोडेपर्यंत तिला धरून राहिली.

उठल्यावर ती नव्या बायकोला म्हणाली, "माझं चुकलं. मला वाटलं..."

"काय वाटलं ते सगळ्या हॉटेलानं ऐकलं," नवी बायको म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "शाळेचं मी आज बोलायला नको होतं, ते मला कळलं लगेच. पण तुम्ही जे बोललात ते फार होतं."

जेवण कसंबसं झालं. ढब्बूनं बापाच्या शर्टात बसून गार बटाटे खाल्ले. भावोजी बनियनवरच बसले. कुणी फारसं बोललं नाही. संध्याकाळच्या बसनं मावशी दोन्ही मुलांना घेऊन परत आली.

पुढचे काही दिवस तिला मशीनवर बसवेना. सुई कापडात शिरली की कानात आपलाच आवाज यायचा, लाज नाही वाटत? त्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. ती बाई रोज तिथेच राहणार, तिथेच काम करणार, आणि त्या दुपारी जेवायला बसलेल्यांतले निम्मे तिच्या लॉजवरचे असणार. शेवटी एका सकाळी मुलांना शेजारणीकडे ठेवून, मैनाला कुठे चाललेय, कधी येणार ते तीनदा नीट सांगून, मावशीनं पुन्हा ती बस पकडली.

लॉजच्या काउंटरपाशी गर्दी होती. चाव्या मागणारे, सामान उतरवणारे, मालक स्वतः गल्ल्यावर. नवी बायको रजिस्टरवरून मान वर करून बघतच राहिली. मावशी गर्दी ओसरायची वाट बघत थांबली नाही.

"त्या दिवशी हॉटेलात मी तुम्हाला नको ते बोलले," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तिचे कान लालबुंद झाले होते. "खोटं होतं ते. माझं मूल घाणीत होतं आणि तुमचे यजमान त्याला धूत होते. चारचौघांत बोलले, म्हणून चारचौघांतच सांगायला आले."

मालक चाव्या मोजायचे थांबले. एक पर्यटक उगीचच खोकला. नव्या बायकोनं समोरच्याला त्याची चावी दिली आणि म्हणाली, "माझी जेवणाची सुट्टी होईल आता. थांबा. इथली कॉफी बरी असते."

त्या दोघी काय बोलल्या ते मावशीनं कुणाला सांगितलं नाही. मात्र त्या सुट्टीत मुलं चार दिवस बापाकडे गेली. मावशीनं पिशवीत कपड्यांचे सहा जोड भरले आणि थंड सरबताबद्दल भावोजींना दोनदा बजावलं, आता बिनधास्त. पहिल्या रात्री ढब्बू रडला आणि भावोजींनी फोन लावून दिला. दुसऱ्या रात्री फोन आला नाही, तेव्हा मावशी रडली. शाळेचे दिवस मावशीकडे, सुट्ट्या समुद्रावर, असं हळूहळू बसत गेलं. कुठे लिहून घेतलं नाही की कुणाला मध्यस्थ घातलं नाही. कधी कुरबुर झाली, कधी भावोजी येतो म्हणून आले नाहीत आणि मावशीनं त्यांना फोनवर फैलावर घेतलं. एवढं हक्कानं बोलता येतंय याचं दोघांनाही बरं वाटत असावं.

ढब्बूला त्या दिवसाचं काही आठवत नाही. मैनाला आठवतं. बाहेर कुठेही जेवायला बसले की ती अजून मावशीच्याच उजवीकडची खुर्ची धरते, आणि टेबलाखाली ओढणीचं टोक मुठीत घेऊन बसते. मावशीचा उजवा हात त्यात अडकतो, तिला धड वाढून घेता येत नाही, वळता येत नाही. ती ओढणी सोडवून घेत नाही. डाव्या हातानं जेवते.